मधाच्या रंगाचे अकरा दिवस

आमच्या घरात ‘नंबर वाढला’ असं कुणी आनंदाने म्हणत नाही. चष्म्याचा नंबर वाढला म्हणजे डोळे बिघडले. वर्गातला नंबर वाढला म्हणजे मी बिघडले. आणि ताऱ्याचा नंबर वाढला म्हणजे तारा मंदावला, कारण पहिल्या नंबरचे तारे सगळ्यांत तेजस्वी आणि सहाव्या नंबरचे जेमतेम दिसणारे, अगदी वर्गातल्यासारखंच. हा तिसरा नंबर मला आत्याने शिकवला. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिचं चष्म्यांचं दुकान आहे, दुकानावर आमचं घर आहे, घरावर गच्ची आहे, आणि गच्चीवरून दिसतो आमचा आळशी.

आळशी हे एका ताऱ्याचं नाव. नकाशात त्याचं खरं नाव आहे, पण ते घेतलं की बाबा जांभई देतात. आता आळशी का, तर दोन तारे एकमेकांभोवती फिरत असले की अधूनमधून एक दुसऱ्याला झाकतो. बाकीच्या जोड्या हे काम दोन-चार दिवसांत उरकतात. आमचा आळशी मात्र सव्वीस वर्षांतून एकदा झाकला जातो आणि मग दीड वर्ष पांघरुणातून बाहेर येत नाही. त्याचा जोडीदार कुणालाच धड दिसत नाही. त्या जोडीदाराभोवती धुळीची एक भलीथोरली चकती आहे, ती आळशीच्या पुढून सावकाश सरकते, आणि एरवी तीन नंबरचा असलेला आळशी तीन दशांश आठवर येतो. म्हणजे उजेड निम्म्याहून कमी!

सव्वीस वर्षांपूर्वीचं ग्रहण आत्याने याच गच्चीवरून पाहिलं होतं. तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. ग्रहणाच्या बरोबर मध्यावर, जेव्हा आळशीने गपगुमान मंद राहायला हवं होतं, तेव्हा तिला तो सलग अकरा दिवस उजळलेला दिसला. मग पुन्हा मंद. आत्याने ताडलं की चकतीला मध्ये भोक असणार आणि त्या भोकातून तारा डोकावला असणार. बाबा नळाची कामं करतात. ते म्हणाले, “म्हणजे वायसरच की!” तेव्हापासून घरात त्याला ‘ताईचा वायसर’ म्हणतात.

आत्याने सगळ्या नोंदी हौशी तारे-निरीक्षकांच्या मंडळाला पाठवल्या. त्या अकरा दिवसांत मंडळातल्या दुसऱ्या कुणीच पाहिलं नव्हतं, बहुतेकांकडे ढग होते. चिटणिसांचं उत्तर आलं, दीड ओळीचं. ‘निरीक्षक थकलेला असता असे भास होतात. कळावे.’ आत्या त्यावर आजवर एक शब्द बोललेली नाही. पण ती पुढच्या ग्रहणाची वाट बघत होती हे आमच्या मांजरालाही माहीत होतं.

आणि ग्रहण आलं तेव्हा आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू!

“मला आता एका ताऱ्याचे तीन दिसतात,” ती म्हणाली. “श्रीमंत झाले गं मी भिंगरे. पण मोजायला तू लागशील.”

भिंगरी म्हणजे मी. नववीत आहे. गेल्या वर्षापर्यंत बाईंनी वर्गात प्रश्न विचारला की मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायची, सुटलेली नसली तरी. मग विज्ञानाच्या तासाला आळशीवर दहा मिनिटं बोलायची वेळ आली, आणि मी पंचवीस मिनिटं बोलले, घंटा झाली तरी बोलत होते, आणि शेवटच्या बाकावरचा तो गलका करणारा गट चक्क प्रश्न विचारत होता. त्या दिवसापासून माझी नाडी सुटतच नाही. आई म्हणते, तोंडाची सुटली.

तर मोजायचं कसं? आळशीच्या एका बाजूला एक तारा आहे, नकाशात त्याच्याशेजारी ३४ लिहिलंय. दुसऱ्या बाजूला ४१. म्हणजे तीन दशांश चार आणि चार दशांश एक. मधलं टिंब मुद्दाम देत नाहीत, कारण ताऱ्यांच्या नकाशात टिंब दिलं की तेही तारा वाटतं! (हे मला इतकं आवडलं की गणिताच्या पेपरातही मी दशांशचिन्ह दिलं नाही. त्याचं पुढे काय झालं ते इथे नको.) दोन्ही तारे पांढरे, निळसर झाक असलेले. आळशी पिवळट. आळशी ३४ च्या जवळचा वाटतो की ४१ च्या, किती जवळचा, हे नजरेने ठरवायचं आणि आकडा लिहायचा. बस्स. दुर्बीणसुद्धा लागत नाही. मंडळातल्या कॅमेरेवाल्यांचं उलट होतं, इतका ठळक तारा त्यांच्या फोटोत जळून नुसता पांढरा ठिपका येतो, म्हणून ते त्याच्या वाटेला जात नाहीत.

पण आत्याची एक अट होती. तिची जुनी वही मी उघडायची नाही. उजळलेले अकरा दिवस ग्रहणाच्या कितव्या दिवशी सुरू झाले, आकडा किती होता, काही विचारायचं नाही. रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर गच्चीवर जायचं, अंधाराची डोळ्यांना सवय होऊ द्यायची, पाहायचं, चिठ्ठीवर लिहायचं, घडी घालायची, बिस्किटांच्या डब्यात टाकायची. ती पण चिठ्ठी बघणार नाही.

“का पण?”

“कानाने आधी ऐकलं की डोळा तेच बघतो,” आत्या म्हणाली. “दुकानात रोज बघते मी. गिऱ्हाइकाला आधीच सांगा, या काचेने छान दिसेल, की त्याला छान दिसतं. काच अजून बसवलेलीपण नसते!”

मी लिहायला लागले. ३८. ३८. ३७ आणि ३८ च्या मध्ये, पण ३८. मध्ये चार दिवस ढग. ३८. ग्रहणाचा मध्य जवळ आला हे मला हिशेबाने कळत होतंच, मी काही बाळ नाही. मी जीव तोडून बघत होते. ऊठ की रे आळश्या, डोकाव की! मी जिना उतरून आले की आत्या काहीच विचारायची नाही. ती दुकानात फ्रेमच्या कडेला काच बसते का ते बोटांनी चाचपत असायची, आता तिचं निम्मं काम बोटंच करतात. पण काम करता करता ती थांबायची. माझ्या पावलांवरून तिला काहीतरी ऐकायचं असावं. मी पावलंसुद्धा सारखी टाकायला लागले.

एका संध्याकाळी मी ३६ लिहिलं.

मला दिसलं होतं ३८. पण हात गेला. घडी घातली, डब्यात टाकली, जेवायला बसले, आणि घास काही उतरेना. आई म्हणाली, “काय गं, शाळेत काही झालं?” मी ताट तसंच ठेवून वर पळाले. पुन्हा पाहिलं. ३८, ढळढळीत ३८. जुनी चिठ्ठी शोधून खोडली आणि खाली लिहिलं, ‘आधी लाडाने ३६ लिहिलं होतं. माफी.’ मग दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

त्यानंतर दीड महिन्याने, एका रविवारी, आत्याने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि जुनी वही काउंटरवर ठेवली. “मध्य सरला,” ती म्हणाली. “आता वाच. आधी तुझं.”

मी डबा उपडा केला, तारखा लावल्या आणि वाचत गेले. अडतीस, अडतीस, पुन्हा अडतीस. माफीची चिठ्ठी आली तेव्हा आत्या हसली, मला वाटलं छान हसली. मग मी पुढे वाचत गेले आणि ती हसायची थांबली. शेवटची चिठ्ठीही अडतीसच होती.

“आता माझं,” ती म्हणाली.

तिच्या वहीत ग्रहणाच्या मध्यावर अकरा ओळी होत्या. ३६, ३५, ३६, ३६. बाराव्या दिवशी पुन्हा ३८.

तेवढ्यात बाबा पाना हातात घेऊन शटरखालून आत आले. “काय ताई, वायसर सापडला का?”

“नाही सापडला,” आत्या म्हणाली. आवाज अगदी साधा. “चिटणीस बरोबर होते. थकले असेन.”

बाबांनी पाना दुसऱ्या हातात घेतला, मग पहिल्या. “तसं नाही गं. भोक बुजलं असेल सव्वीस वर्षांत. धूळच ती.”

“तू नळ बघ,” आत्या म्हणाली, पण प्रेमाने, आणि काच घासायच्या मशीनकडे जाऊन बसली. मशीन तिने चालू केलं नाही.

मला कसंतरी झालं. थकवा? आत्या? ही बाई दिवसाला तीस चष्मे जोडते आणि वर मला शब्दकोडं सोडवून देते! थकलेल्या माणसाचे आकडे कसेही उड्या मारतील. हे अकरा आकडे तर शिस्तीत उभे होते, शाळेच्या रांगेसारखे. काहीतरी तिला खरंच दिसलं होतं. मी वही पुन्हा उघडली आणि या वेळी आकडे सोडून शेवटच्या रकान्यातला शेरा वाचला. आत्या शेऱ्यात वाट्टेल ते लिहायची. ‘वारा.’ ‘शेजारच्यांचा दिवा.’ ‘शिंका.’ उजळलेल्या पहिल्या दिवसापुढे लिहिलं होतं, ‘नवा चष्मा, मधाळ काच. आरशात बरी दिसते.’ बाराव्या दिवसापुढे, ‘फ्रेम सैल. जुनाच घातला.’

मी तीनदा वाचलं. मग खालचा खण उघडला.

त्या खणात रंगीत काचांचे नमुने असतात, बिननंबरचे, एका पट्टीत ओवलेले. करडा, हिरवा, तपकिरी, गुलाबी. सर्वांत शेवटी मधाचा. दिवसा उजेडात धरला तर रंग आहे की नाही असं वाटतं. मी पट्टी खिशात घातली आणि अंधार पडायची वाट बघत बसले. इतकी लांब संध्याकाळ मी जन्मात पाहिली नव्हती.

गच्चीवर आधी नुसत्या डोळ्यांनी. ३८. मग मधाची काच धरली.

३४ आणि ४१, दोन्ही निळसर तारे, एकदम दबले. पिवळट आळशी होता तिथेच राहिला आणि त्यांच्यामानाने वर आला. ३६! काच काढली, ३८. धरली, ३६. मी गच्चीवर एकटी ओरडले, समोरच्या खिडकीतला माणूस बाहेर बघायला लागला.

पहिल्या चार पायऱ्या मी उड्या मारत उतरले. पाचव्या पायरीवर थांबले. सापडलं हे खरं, पण काय सापडलं? वायसर नव्हताच, हेच ना? थकवा होता म्हटलं तर निदान कुणाच्या हातची गोष्ट नाही. पण चष्मेवालीने काचेचा रंग विसरावा! हे तिला सांगायचं कुणी? गेल्या वर्षीची मी असते तर नाडी बांधली असती. मी पट्टी घट्ट धरली आणि सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“आत्या, तू थकली नव्हतीस. तू नटली होतीस.”

“काय?”

मी सगळं सांगितलं. शेरा वाचून दाखवला. काच तिच्या हातात दिली. तिने ती दिव्यासमोर धरली, डोळ्यांना काही नीट कळलं नसणार, मग बोटाने कड चाचपली.

मग ती हसायला लागली. आधी नुसते खांदे, मग आवाज, मग काउंटरवर डोकं टेकून. “अगं बाई! हीच काच! एका विक्रेत्याने ठेवली होती, म्हणाला नवी फॅशन आहे. दिवसा इतकी फिकी वाटायची की रंग आहे हे मी साफ विसरले. आणि गिऱ्हाइकांना सांगायची, बघा हं, रंगीत काचेने कपड्याचा रंग फसवतो!” तिने डोळे पुसले. “सव्वीस वर्षं, भिंगरे. कुणी मला खोटं पाडायलासुद्धा आलं नाही. भास म्हणून सोडून दिलं. तू आलीस.”

“वाईट नाही वाटलं?”

“वायसर गेला, त्याचं वाटलं थोडं.” ती म्हणाली. “पण मला जे दिसलं ते होतं गं. आकाशात नव्हतं, नाकावर होतं. चालेल.”

पण आत्या ती आत्याच. दुसऱ्याच मिनिटाला तिने विचारलं, “फरक किती पडतो? नक्की दोन दशांश?” मग पुढचे पंधरा दिवस मी रोज दोन आकडे लिहिले, काचेशिवाय आणि काचेसकट. बाबांनाही एकदा वर चढवलं. त्यांना मधाच्या रंगाने भूक लागते एवढंच कळलं. सरासरी फरक आला दोन दशांश. आत्याच्या अकरा ओळींत तो मिळवला, तर ३८, ३७, ३८, ३८! तिच्या अकरा नोंदी वाया गेल्या नव्हत्या. रंग उतरवला की खाली खरा आळशी होता, दोन्ही ग्रहणांत सारखाच मंद, आणि त्या अकरा दिवसांच्या दुसऱ्या नोंदी जगात कुणाकडे असतील असं वाटत नव्हतं.

मंडळाला पत्र लिहायला बसलो. आत्या सांगत होती, मी लिहीत होते. मी लिहिलं, ‘तांत्रिक कारणामुळे झालेला फरक’.

“ते काय आहे?” आत्या म्हणाली. “चूक लिही.”

“चूक फार उघडं वाटतं.”

“उघडंच आहे. आणि कशी झाली ते नीट लिही, काचेच्या रंगासकट. मंडळात निम्मे लोक चष्मेवाले आहेत. एखाद्याच्या नाकावर आत्ता या घटकेला असेल तसलीच काच.”

मी ‘चूक’ लिहिलं. कशी झाली ते दोन पानं लिहिलं, कारण मला थांबता येत नाही. शेवटी तिचं नाव घातलं आणि पेन ठेवलं.

“खाली तुझं पण घाल,” ती म्हणाली.

“माझं कशाला? नोंदी तुझ्या आहेत.”

“चूक माझी, सापडली तुला. उलट छापून यायला नको.”

मी नाव लिहिलं. अक्षर जरा मोठंच आलं, तिच्या नावापेक्षा मोठं. खोडलं नाही.