गेंड्याच्या जागी वाघ

मी एक जुनी छपाईची जाळी आहे, मित्रांनो. लाकडी चौकट आणि तिच्यावर ताणलेलं बारीक जाळीचं कापड. माझ्यातून रंग झिरपला की खाली चित्र उमटतं. दर वेळी मला धुऊन नवी नक्षी चढवतात. सुरतेजवळच्या पलसाण्याच्या कारखान्यात मी किती साड्यांवर मोर नाचवले! शेठ कौतुक करायचे, मीही फुगायची. आता मात्र कुणी नुसतं पाहिलं तरी मेल्याहून मेल्यासारखं होतं.

त्याचं असं झालं. आफ्रिकेतल्या एका मोठ्या राष्ट्रीय उद्यानातून मागणी आली. चोरट्या शिकाऱ्यांनी शिंगांपायी तिथले सगळे गेंडे संपवले होते. आता दुसऱ्या जंगलातून गेंडे आणून सोडायचे होते. त्या दिवशी वनरक्षक खांद्यावर घेतील ते कापड आम्ही छापायचं होतं. हत्ती, जिराफ, सिंह आणि मधोमध गेंडा अशी नक्षी माझ्यावर चढली.

आमचा छपाईवाला लोटूभाऊ धुळ्याकडचा, हाताचा पक्का. कापड कशासाठी ते त्याला कुणी सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. जोडीदार भटूला म्हणाला, "हाई बेढब जनावर कोन आंगवर घाली रे? आनि वाघबिगर जंगल व्हस का?" त्याच्या गावच्या शिवेवर वाघदेव आहे. वाघ म्हणजे त्याच्या लेखी जंगलाचा धनी! त्याने जाळीची छिद्रं बंद करणारं रोगण फासून माझ्यावरचा गेंडा बुजवला आणि त्या जागी दुसऱ्या जाळीने वाघ छापला. आफ्रिकेच्या रानात वाघ नसतो, हे आम्हा कुणाच्या गावीही नव्हतं.

गेंडे सोडले त्या दिवशी तिकडून व्हिडिओ आला. शेठने तो लोटूभाऊपुढे धरला. एक म्हातारा वनरक्षक कापड उलटसुलट करून पाहत होता.

"पूछता है, हमारा गेंडा किधर है," शेठ म्हणाले. "आखरी गेंडे को बचाते उसका भाई मरा था."

"मन्ही चूक व्हयनी, शेठ," लोटूभाऊ म्हणाला. मला तर तिथल्या तिथे फाटून जावंसं वाटलं. शिकाऱ्यांनी रानातून घालवला आणि आम्ही कापडावरूनही!

मग लोटूभाऊ रोगण घासत बसला. ते हटेना. शेवटी निघालं, पण गेंड्याच्या पाठीवर माझी जाळी फाटली. तशा फाटक्या जाळीनेच खांद्यावर घ्यायची एक चादर छापून त्याने म्हाताऱ्याला पाठवली. फाटल्या जागेतून रंग सांडून गेंड्याच्या पाठीवर लाल डाग पडला होता.

मित्रांनो, कुरूप वाटलं म्हणून कुणाला पुसू नका. आधी विचारा, ते कुणाचं आहे.

म्हाताऱ्याने ती चादर चौकीत टांगली आहे. डागाबद्दल त्याने काहीच विचारलं नाही. त्याला ती शिकाऱ्याच्या गोळीची जखम वाटली असेल.