पंख्यांखालची हवा

रुचाचा सेन्सर काडेपेटीएवढा होता. वजन चाळीस ग्रॅम. हवेतला अमोनिया मोजणारा हा सेन्सर तिने आणि तिच्यासोबत काम करणाऱ्या वरदने सावेडीतल्या तिच्या घरी, वरच्या खोलीत, चार वर्षं खपून केला होता. छोट्या ड्रोनवर बसवून तो पहिल्यांदा कामाला नेला देवळाली प्रवरेजवळच्या एका वस्तीवर. शेजारी कोंबडीखत कुजवायचा प्रकल्प होता आणि वासाने लोक हैराण झाले होते.

ड्रोन वस्तीभर फिरला. आकडे फारच कमी आले. शाळेच्या ओट्यावर जमलेल्या लोकांना रुचाने ते वाचून दाखवले. "काळजीचं कारण नाही," ती म्हणाली.

प्रकल्पाच्या कुंपणाला लागून जिचा ऊस होता, ती छबूबाई मागून म्हणाली, "मग डोळं का झोंबत्यात आमचं?"

"धूळ असेल मावशी."

छबूबाई पदराने डोळे टिपून घराकडे गेली. रुचाला ते लागलं. तिचे स्वतःचे डोळेही तिथे चुरचुरले होते, आणि तरी ती आकड्यांच्या बाजूने बोलली होती.

दुसऱ्या दिवशी तिने ड्रोन टेबलाला बांधला आणि बाजूला अमोनियाची उघडी बाटली ठेवली. आकडा बरोबर आला. मग ड्रोनचे पंखे सुरू केले. आकडा पाचव्या हिश्शावर घसरला. तिने उदबत्ती लावून धरली. धूर सेन्सरपर्यंत पोचतच नव्हता. पंखे वरची हवा ओढून त्याच्यावर ओतत होते. वस्तीवरही तेच झालं होतं. सेन्सरने लोकांच्या नाकापाशी असलेली हवा मोजलीच नव्हती.

"दुरुस्त करू आणि नवा अहवाल पाठवू," वरद म्हणाला. "जायची काय गरज आहे?"

"अहवाल कोण वाचतंय? मी तोंडाने सांगितलंय."

ती त्याच आठवड्यात एकटी गेली. छबूबाई उसाला पाणी धरत होती. रुचाने बांधावर उभं राहून सगळं सांगितलं. आपण चुकीचं बोललो, हेही.

छबूबाईने फावडं टेकवलं. "चुकतं मानूस. पर तू सांगितल्यावर आमच्या घरचे बी मलाच म्हनले, तुजंच नाक वाईट. ते लई लागलं."

रुचा बांधावरून उतरून तिच्याजवळ गेली. तिने विचारलं, "वास जास्त कधी येतो?"

"दिस उगवायच्या आदी. वारं पडल्यालं असतंय तवा."

ती वेळ रुचाने लिहून घेतली. पुढचे दीड महिने दोघांनी ड्रोनच्या पुढे एक लांब, हलकी नळी काढली, पंख्यांच्या झोताबाहेर जाईल अशी, आणि हवा ओढायला बारकासा पंप लावला. वजन वाढलं, वीस मिनिटं उडणारा ड्रोन तेरा मिनिटांत उतरू लागला. चालेल, असं त्यांनी ठरवलं.

मग एका पहाटे, वारा पडलेला असताना, ड्रोन छबूबाईच्या अंगणावरून माणसाच्या उंचीने गेला. आकडा पहिल्यापेक्षा सहापट होता. रुचाने तो आधी छबूबाईच्या घरच्यांना दाखवला, मग ओट्यावर वाचला. या वेळी ही एका पहाटेची मोजणी आहे, उन्हाळ्यात आकडा वेगळा असेल, हेही सांगितलं.

महिन्याभरात प्रकल्पवाल्यांनी खताचे अर्धे ढीग झाकले. उरलेल्यांसाठी वस्तीतले लोक अजून भांडताहेत. रुचा दर पंधरा दिवसांनी पहाटे जाते. छबूबाई चहा ठेवते आणि आधी स्वतः वास घेऊन सांगते, आज आकडा किती येईल ते.