वडिलांनी निवडलेला दात

वडील गेल्यावर जिंतूरच्या भावकीत राजेश्रीच्या संयमाचं फार कौतुक झालं. दहाव्याला, तेराव्याला ओठ कसे घट्ट मिटलेले. प्राध्यापक बाईचं दुःखही शिकलेलं असतं, असं कुणीसं म्हणालं. खरं कारण समोरचा दात होता. वीस वर्षांपूर्वी बसवलेली कॅप मळकट पिवळी पडली होती आणि हिरडीपाशी काळी रेघ उगवली होती. रडायचं तर तोंड उघडावं लागतं, आणि तिनं वाचलेल्या एकाही शोकांतिकेत नायिकेचा दात असा नव्हता.

दोन महिन्यांनी ती परभणीच्या दवाखान्यात गेली. पॉलिशवर भागवा, एवढीच मागणी. डॉक्टर निकिता तिच्याहून बरीच लहान, पण मॅडम मॅडम म्हणत तिनं एकेक वाट बंद केली. पॉलिशनं चहाचे वरचे डाग जातील, कॅपचा रंग तोच राहील. ब्लीचनं शेजारचे दात उजळतील आणि कॅप आणखी उठून दिसेल. काळी रेघ तर आतल्या धातूची. नवीच बसवावी लागेल, आणि जुनी कापूनच निघेल.

"अख्खी नाही निघणार?"

"अख्खी कशाला पाहिजे, मॅडम?"

कारण सांगण्यासारखं नव्हतं. तो रंग दत्तरावांनी, तिच्या वडिलांनी निवडला होता. कापडदुकानदार माणूस. साडीला ब्लाउजपीस जुळवावा तसे नमुन्याचे दात घेऊन त्यांनी पोरीला दवाखान्याबाहेर उन्हात उभं केलं, जाणाऱ्या-येणाऱ्यांची मतं घेतली आणि मुद्दाम जरा पिवळाच उचलला. "पोरगी चहा लय पेती. बाकीचे दात येतील की जुळायला." ती आठवडाभर त्यांच्याशी बोलली नव्हती. दात मात्र खरंच जुळत आले. मग पिवळेपणात कॅपच दातांच्या पुढं निघून गेली.

आता वस्तू आणि स्मृती या विषयावर तिनं मनात एक बरं व्याख्यान रचलं. तेवढ्यात डॉक्टरनं एक्स-रे दाखवला. कॅपखाली दात किडत होता. कॅप ठेवली तर दातही जाणार. व्याख्यान राहिलं.

इंजेक्शननं वरचा ओठ लाकडासारखा झाला. यंत्र घरघरलं, कॅप चिरली, दोन तुकडे ट्रेमध्ये पडले. आणि राजेश्री रडायला लागली. आ वासून, बधिर ओठानं, गळ्याला निळा कागदी रुमाल. आसवं कुठली आणि लाळ कुठली, तिचं तिलाच कळेना.

"दुखायलंय का, मॅडम?"

दुखत होतंच. तिनं मान डोलावली, आणि डॉक्टरनं त्याच दाताला आणखी एक इंजेक्शन दिलं.