कस्तुराबाईंच्या अंगठ्यावरच्या रेषा

मित्रांनो, महाळुंग्यातल्या रेशन दुकानात मागच्या भिंतीला एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या सगळ्यात खालच्या फळीवर, रिकाम्या बारदानाच्या घडीवर मी पडून असते. मी एक जुनी अंगठ्याची मशीन आहे. कागदोपत्री माझं नाव चांगलं लांबलचक आहे, पण ते घेतलं कुणी? कुणी मला 'थंब' म्हणायचं, कुणी 'डबडं'. रांगेतले मालोजीआबा तर मला 'साहेब' म्हणायचे. का, तर म्हणे हीसुद्धा काम असेल त्याच दिवशी जागेवर नसते.

माझा जन्म नेमका कुठे झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की एका खोक्यात आम्ही वीस-पंचवीस बहिणी दाटीवाटीनं बसलो होतो आणि टेम्पो खड्ड्यात गेला की एकमेकींवर आपटत होतो. चाकणचा चौक ओलांडायलाच पाऊण तास लागला. मग एकेक बहीण एकेका गावाला उतरली आणि मी आले हिंदुरावांच्या दुकानात.

हिंदुराव मूळचे गावातलेच. आजूबाजूला कंपन्याच कंपन्या झाल्या, तरी त्यांनी दुकान आणि बोली दोन्ही जुनीच ठेवली. त्यांनी मला गल्ल्याशेजारी मांडलं, नारळ फोडला, हार घातला आणि कुंकवाचं बोट टेकवलं. माझं सगळं अंग मोकळं असताना त्यांनी ते टेकवलं कुठे, तर माझ्या काचेवर. मित्रांनो, ती काच म्हणजे माझा डोळा. मला काही दिसेना. पहिल्या माणसानं तीनदा अंगठा दाबला, मी तीनदा 'नाही' म्हणाले. मालोजीआबा रांगेतून म्हणाले, "हिंदुराव, लगीन लावल्यागत कुंकू लावलंत तिला. आता परक्याचा अंगठा कशाला घेतीय ती?" सगळी रांग हसली. हिंदुरावांनी धोतराच्या सोग्यानं काच पुसली आणि मी कामाला लागले.

खरं सांगते, सुरुवातीची वर्षं फार अभिमानाची होती. माझ्याआधी म्हणे मेलेली माणसंसुद्धा दर महिन्याला गहू नेत. मी आले आणि ती थांबली. अंगठा ठेवला की माझ्या काचेखाली लाल उजेड लागायचा, क्षणभर मी विचार करायची आणि लगेच माझ्या तोंडातून पावती सरकायची. तहसीलमधून आलेल्या साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवून "हिच्यामुळे चोरी बंद झाली" असं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. त्या दिवशी मी एकही अंगठा नाकारला नाही.

अंगठ्यावरून मला माणसाचं काम ओळखता यायचं. रंगारी, शिंपी, वीटभट्टीवरची माणसं, सगळ्यांच्या रेषा वेगळ्या. पण कस्तुराबाईंचा अंगठा कसा आहे हे मला कितीतरी वर्षं ठाऊकच नव्हतं.

कस्तुराबाई परभणीकडच्या. नवरा वारल्यावर सासूला आणि लेकीला घेऊन इकडे आल्या आणि गावामागच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागल्या. तिथे गाड्यांचे लोखंडी भाग येत. त्यांच्या कडेला राहिलेली धार कानशीनं घासायची आणि वरून पॉलिश पेपर मारायचा, हे त्यांचं काम. हातमोजे मिळायचे, पण ते घालून चालत नसे. धार गेली की राहिली हे बोट फिरवल्याशिवाय कळत नाही, आणि राहिली तर माल परत येतो. म्हणून सगळ्या बाया उघड्या हातानंच घासायच्या. आठ तास, कधी ओव्हरटाइम धरून बारा तास.

रेशन न्यायला मात्र लेक यायची, विजयश्री. नववीतली, दोन वेण्या घालणारी, पाठीवर दप्तर तसंच. घरातल्या कुणा एकाचा अंगठा लागला की धान्य मिळायचं, आणि विजयश्रीचा अंगठा मी पहिल्या दाबाला घ्यायची. त्यामुळे आईवर कधी वेळच आली नाही.

मग निर्णय आला. तो कुठे झाला, कुणी केला, मला माहीत नाही. माझ्यापर्यंत तो एका कागदाच्या रूपानं आला आणि हिंदुरावांनी तो दारावर चिकटवला. कार्डावरच्या प्रत्येक माणसानं स्वतः येऊन अंगठा द्यायचा. महिनाअखेर ही शेवटची तारीख. ज्याचा जुळणार नाही त्याचं धान्य बंद.

कस्तुराबाई शिफ्ट सुटल्यावर आल्या. सासूबाईंचा अंगठा लागला, विजयश्रीचा लागला. मग त्यांनी स्वतःचा ठेवला. मी लाल उजेड लावला आणि बघितलं, तर काय सांगू, पाटी कोरी. रेषा नव्हत्याच. जिथे भोवऱ्यासारखी वळणं असायला हवीत तिथे गुळगुळीत चकाकती कातडी, आणि मधे लोखंडाचे दोन काळे बारीक चरे.

"लागना व्हय?" हिंदुराव म्हणाले. "दुसरं बोट ठिवा."

एकेक करून दहा बोटं झाली.

"दहाच्या दहा झाले की ओ," कस्तुराबाई म्हणाल्या. "आता पायाचे ठिवू का?"

रांग हसली, त्याही हसल्या. मग त्यांनी पदराला हात पुसले आणि आवाज खाली आणला. "हिंदुरावभाऊ, मी तुमच्या म्होरं उभी हाय. तुमी मला वळखता, हे सगळे वळखतेत. मग ही काहून वळखंना?"

"आमी वळखून काय उपेग, बाई? आमचं कोण धरतंय?"

"माझंच नाव जाईल का सगळं कार्ड?"

हिंदुरावांनी दारावरचा कागद पुन्हा एकदा वाचला. "पयलं नाव तुमचं हाय. तेच गेलं तर पुढचं मला खरंच सांगता येत न्हाई."

मित्रांनो, त्यांना खरंच माहीत नव्हतं. आणि कस्तुराबाईंच्या घरात त्या रेशनच्या तांदळावरच चूल पेटत होती. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात ते 'सांगता येत नाही' जे शिरलं ते निघालं नाही.

विजयश्री हुशार होती, तिनं सगळे रस्ते शोधले. मोबाइलवर चेहरा दाखवायची सोय होती, पण त्यासाठी लागणारा ओटीपीचा आकडा वडिलांच्या बंद पडलेल्या नंबरावर जायचा. आधार केंद्रावर गेली, तर तिथली तारीख मिळाली पुढच्या महिन्यातली. डोळ्यांवरून ओळखणारी मशीन आमच्या दुकानाला मंजूर झाली होती, पण आली नव्हती. मग उपाय सुरू झाले. कुणी व्हॅसलीन सांगितलं, कुणी लिंबू, कुणी म्हणालं अंगठा केसांवरून फिरवून ठेवा. मी सगळं सहन केलं. माझ्या काचेवर इतकं तेल कधीच साचलं नव्हतं.

शेवटी मालोजीआबांनीच वाट दाखवली. ते एका फाउंड्रीतून, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यातून, निवृत्त झालेले. "आमच्यात बी असंच व्हायचं," ते म्हणाले. "गेटावर अंगठ्याची हजेरी. घासकामाच्या पोरांचा लागायचाच न्हाई. मग कुणी आठ-धा दिस गावाला जाऊन आला, की झ्याक लागायचा. कातडीला इसावा दिला की रेषा परत येत्यात."

कस्तुराबाईंनी तिथेच बोटांवर दिवस मोजले. महिनाअखेरीला नऊ दिवस उरले होते.

"आई, खाडा करू नको," विजयश्री तिथेच म्हणाली. "मुदत वाढेल. दर वेळी वाढवतात."

"अन् न्हाई वाढली तर?"

"वाढेल गं. काका, तुम्ही सांगा ना तिला."

हिंदुराव पोत्याची दोरी सोडत होते. ती सोडता सोडता म्हणाले, "वाढंल बी, न वाढंल बी. मी कसं सांगू, पोरी? उद्या मलाच म्हणाल."

दुसऱ्या दिवसापासून कस्तुराबाई कामावर गेल्या नाहीत. वर्कशॉपचा सुपरवायझर रोहिदास त्यांना काय म्हणाला, ते त्यांनीच दुकानात सांगितलं. "मावशी, डिलिव्हरी तोंडावर आलीय. तुमचा अंगठा काय माझ्या हातात आहे का? जागा धरून ठेवायला मला जमायचं नाही." तो काही दुष्ट माणूस नव्हता. त्याच्यावरही कुणीतरी होतं.

ते आठ दिवस कस्तुराबाईंनी तान्हं मूल जपावं तसे हात जपले. भांडी विजयश्री घासायची, धुणं विजयश्री धुवायची आणि मग धावत शाळेला जायची. दोनदा पहिला तास बुडाला. एकदा दुकानात आली तेव्हा तिच्या बाहीला साबणाचा फेस वाळलेला होता. आई मात्र खोबरेल चोळून, हात मांडीवर उताणे ठेवून दारात बसून असे. बायका चेष्टा करत, "कस्तुराबाई, नवी नवरी झालाव जणू." त्या म्हणत, "नवरीला कोण इचारतंय, मशीनीला पसंत पडायलं पायजे."

चौथ्या दिवशी त्या येऊन गेल्या. मला कडेकडेच्या थोड्या रेषा दिसल्या, धुक्यात पायवाट दिसावी तशा. मी 'नाही' म्हणाले. सहाव्या दिवशी आणखी दिसल्या, पण पुरेशा नव्हत्या, आणि मी पुन्हा 'नाही' म्हणाले. मित्रांनो, मला 'हो' म्हणायचं होतं हो. पण मला 'जवळजवळ' म्हणता येत नाही. मला बनवणाऱ्यांनी माझ्यात दोनच शब्द घातले होते.

शेवटचा दिवस उजाडला. रांग दुकानातून बाहेर पडून पार कंपनीच्या कुंपणापर्यंत गेली होती. कस्तुराबाई सकाळी सातलाच येऊन उभ्या होत्या, पण सर्व्हर बंद होता. हिंदुराव मला कडेवर घेऊन कधी खिडकीत तर कधी रस्त्यावर, रेंज शोधत फिरत होते. अकराच्या सुमाराला जोडणी आली. कस्तुराबाईंनी अंगठा ठेवला. मी उजेड लावला. वळणं होती. फिकी होती, पण होती. मी 'हो' म्हणाले.

विजयश्रीनं शाळा बुडवली होती. ती आईच्या गळ्यातच पडली. कस्तुराबाई स्वतःचा अंगठा उजेडात धरून बघत होत्या. मागची रांगसुद्धा खूश झाली, कारण आता आपलंही लागेल असं प्रत्येकाला वाटलं.

तेवढ्यात मालोजीआबांचा मोबाइल वाजला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरून वाचला, मग हिंदुरावांच्या पुढे केला. हिंदुरावांनी स्वतःचा काढून बघितला. त्यांनाही तोच मेसेज आला होता.

"मुदत वाढली," ते म्हणाले. "तीन महिनं."

रांग बघता बघता पांगली. माणसं सुटल्यासारखी हसत, टाळ्या देत घरी गेली. विजयश्रीचा चेहरा असा झाला की आईनंच तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"चांगलं झालं की," कस्तुराबाई म्हणाल्या. "बाकीच्यांना तरी घाई न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्या वर्कशॉपवर गेल्या, तर त्यांच्या जागेवर दुसरी बाई बसलेली. रोहिदास म्हणाला, जागा झाली की फोन करतो. फोन आला नाही. त्यांनी कुठं कुठं विचारलं नाही? हिंजवडीला ऑफिसं झाडायचं काम होतं, पण सकाळी सहाला तिथे पोचायला महाळुंग्याहून गाडीच नव्हती. चाकणला एका कंपनीत पस्तिशीच्या आतल्या बाया हव्या होत्या. पुढच्या वर्षी विजयश्रीचं दहावीचं वर्ष, आणि सासूबाई एकदा दुकानात बोलून गेल्या की पोरीला कुठं कामाला चिकटवता आलं तर बघा. विजयश्री तेव्हा शेजारीच उभी होती. तिनं मान खाली घातली आणि पिशवीचं तोंड धरून ठेवलं.

वाढलेली मुदत संपायच्या आतच डोळ्यांवरून ओळखणारी मशीन आली. तिच्यापुढे नुसतं बघायचं, अंगठा लागत नाही, मग घासकामानं बोटं कितीही झिजलेली असोत. हिंदुरावांनी तिला हार घातला, या खेपेला कुंकू बाजूला लावलं आणि मला या कपाटात ठेवलं. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते त्याच्या आधीच्या एका दिवसाचं.

तो माझा कामाचा शेवटचा महिना होता. कस्तुराबाई स्वतः रेशन न्यायला आल्या होत्या, कारण आता त्यांना वेळच वेळ होता. त्यांनी अंगठा टेकवला आणि मी पहिल्या दाबाला पावती दिली.

"बघा," हिंदुराव कौतुकानं म्हणाले, "आता कसा झटक्यात लागला."

"लागंल की," कस्तुराबाई पिशवी सरळ करत म्हणाल्या. "हाताला कामच न्हाई ऱ्हायलं."

मित्रांनो, तुम्ही शिकाल, मोठे व्हाल. तुमच्यातलं कुणीतरी खुर्चीवर बसून असा कागद लिहील, त्याच्या खाली शेवटची तारीख टाकील. ती तारीख वाढवायची असेल तर लवकर सांगत जा, कारण तुमच्यासाठी जी नुसती तारीख असते तिच्यापायी कुणीतरी नोकरी पणाला लावून बसलेलं असतं. आणि माझ्यासारख्या मशीनची फार काळजी घेऊ नका. आम्ही जुन्या होतो, नव्या येतात. पण आमच्यातली कुणी 'नाही' म्हणाली, तर एकदा मान वर करून समोर उभ्या असलेल्या माणसाकडे बघा. त्या दिवशी कस्तुराबाईंना सगळं दुकान ओळखत होतं. मी एकटीच ओळखत नव्हते, आणि सगळ्यांनी माझंच ऐकलं.