डावा हात

१९३४ साली कोंडाजीला मुंबईतल्या एका हॉटेलच्या बँडमध्ये जागा मिळवायची होती. पलटणीत तो गळ्यात अडकवायचा ड्रम वाजवायला शिकला होता. इथं बसून पायानं मोठा ड्रम, हातांनी लहान ड्रम आणि झांज, असं एकट्यानं सांभाळायचं होतं. पाय चालू झाला की त्याचा डावा हात मागं पडे. बँडचे मिनेझिस मास्तर म्हणाले, दोन महिने गावी जा, पहिल्यापासूनचे धडे घोटून दोन्ही हात सारखे करून ये.

पोलादपूरच्या वरच्या वाडीत तो आला तेव्हा घराला कडी होती. त्याची बायको शकू मागच्या भादव्यात तापानं गेली होती. पलटणीत त्याला पत्र पोचलं तेव्हा तिचं तेरावंही उरकलं होतं.

मोटारीच्या टायरचा तुकडा पाटावर ठोकून तो सकाळी ड्रमच्या काठ्या घेऊन ओटीवर बसे. दोन उजव्या हाताचे ठोके, दोन डाव्या हाताचे. आधी सावकाश, मग जलद, मग पुन्हा सावकाश. उजवा पाय जमिनीवर ताल धरी. डाव्या हाताला बळ यावं म्हणून पाणी त्याच हातानं शेंदायचं, लाकडंही त्याच हातानं फोडायची.

वाडीत बोलणं सुरू झालं. चुलतभाऊ मालोजीनं विहिरीवर सांगितलं की लोक म्हणतात, बायको गेली आणि याचं डोकं फिरलं. कोंडाजी दुपारी मालोजीच्या गवतकापणीला जाऊ लागला, पण सकाळचं ठोकणं त्यानं सोडलं नाही.

सहाव्या आठवड्यात एके दिवशी डावा हात आपोआप उजव्याच्या जोडीनं पडू लागला. आता मोजावं लागेना. मोजणं सुटलं आणि रिकामं घर एकदम अंगावर आलं. काठ्या हातातून गळल्या.

आवाज थांबलेला पाहून शेजारची बयाबाई आली. म्हातारी उंबऱ्यावर टेकली.

"हात दुखला काय रे?"

"नाय काकी." काठ्या उचलत त्यानं विचारलं, "ती शेवटी काय बोलली?"

इतके दिवस त्यानं हे कुणालाच विचारलं नव्हतं.

"तुझी वाट बघत हुती. पत्र धाडू नका म्हनाली. त्याची नोकरी जाईल म्हनाली."

कोंडाजी रडला. बयाबाई ऊन अंगणात उतरेपर्यंत बसून राहिली.

मुंबईत मास्तरांनी त्याचं वाजवणं डोळे मिटून ऐकलं आणि त्याला जागा दिली. रोज संध्याकाळी गोरी जोडपी नाचत. मागं बसलेल्या ड्रमवाल्याकडं कुणी पाहत नसे. पहिल्या महिन्यात त्यानं मालोजीला कार्ड टाकलं: नोकरी लागली, बयाबाईला सांग. आणखी काय लिहावं ते सुचेना. अर्धं कार्ड कोरंच गेलं.