यतीन सरांचा पाया

पाया भक्कम असला की वर काहीही उभं करता येतं, असं यतीन सर दर रविवारी सांगायचे. बेव्हर्ली पार्कातल्या ज्या इमारतीच्या गच्चीवर उभे राहून ते हे सांगायचे, तिच्या पार्किंगमध्ये लोखंडी टेकू लावलेले होते, आणि गच्चीवर कोणी उड्या मारू नयेत असं ऑडिटवाल्या इंजिनियरने लेखी कळवलं होतं. त्यामुळे सरांच्या कुंग फूच्या क्लासात उड्या नव्हत्या. सरांना ते सोयीचंच पडलं.

क्लासात पाच पवित्रे होते. पहिला मा बू. घोड्यावर बसल्यासारखं बसायचं, घोडा नसताना. मांड्या जमिनीला समांतर, मुठी कमरेशी, आणि सर ‘हं’ म्हणेपर्यंत तसंच. मग पुढचा गुडघा वाकवून मागचा पाय ताठ ठेवायचा गोंग बू, आणि आणखी तीन, एकाहून एक गैरसोयीचे. एक लाथ होती. पाय सरळ ठेवून कपाळापर्यंत न्यायचा. हात कणखर व्हावेत म्हणून दोघांनी एकमेकांच्या मनगटांवर मनगटं आपटायची, आणि तळवे कणखर व्हावेत म्हणून मुगाने भरलेल्या कॅनव्हासच्या पिशवीवर चापट्या मारायच्या. मूग खायची वस्तू आहे, त्याला मारतात कशाला, असं तिसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेनचं म्हणणं होतं. पण त्यांचीच मुलगी हेमाली क्लासात असल्यामुळे त्या पिशवीत दर दिवाळीला नवे मूग घालून द्यायच्या.

या पवित्र्यांच्या पुढे ताओलू असतो. सुटे पवित्रे, ठोसे, लाथा एका ओळीत गुंफलेला संच. तो आला की माणूस शिकला असं धरतात. सर म्हणायचे, ताओलू मिळतो, मागायचा नसतो.

खरी गोष्ट एवढीच होती की सरांनाही तो मिळाला नव्हता.

परळला असताना ते ज्या उस्तादांकडे शिकले, त्यांनी यतीनला दीड वर्ष मा बूत बसवलं आणि मग त्यांना कुवेतला सिक्युरिटीची नोकरी लागली. जाताना म्हणाले, आलो की ताओलू करू. तोवर दुसऱ्या कोणाकडे जाऊ नको. उस्ताद आले नाहीत. यतीन विमा कंपनीत दावे तपासायला लागला, लग्न झालं, मीरा रोडला या बेव्हर्ली पार्कात वन बीएचके घेतला, गच्चीवर क्लास काढला, आणि वाट बघता बघता लोक त्याला सर म्हणायला लागले. पोरं दोन-तीन महिन्यांत कंटाळून पट्टे देणाऱ्या कराटेवाल्याकडे जायची. त्यामुळे ‘पुढे काय’ हा प्रश्न सरांच्या वाट्याला कधी आलाच नाही.

हेमाली गेली नाही. आठवीत आली ती बारावी झाली तरी बसलेलीच. हंसाबेन लिफ्टमध्ये सरांना अडवून विचारायच्या, “सर, मेरी बेटी चार साल से बैठी है. खडी कब होगी?” सर गंभीरपणे वर जाणाऱ्या आकड्यांकडे बघायचे.

मग जूनमध्ये हेमालीला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तिने सरांना एकच सांगितलं, जायच्या आधी पहिला ताओलू हवा. सर ‘बघू’ म्हणाले आणि त्या रात्री जेवले नाहीत.

मोबाइलवर शोधलं तर कुठल्याशा मठातली पोरं हवेत कोलांट्या घेत तलवारी फिरवताना दिसली. पहिला ताओलू असाच काहीतरी असणार, असं समजून सरांनी मोबाइल उलटा ठेवला.

“सांगून टाका ना तिला,” सरांच्या पत्नी ममताताई म्हणाल्या. “मला येत नाही म्हणा. दोघं मिळून शिका.”

“गुरूने असं म्हणायचं नसतं.”

“कोणत्या गुरूने? त्या कुवेतच्या वॉचमनने?”

सरांनी दुसरा मार्ग काढला. खाडीकडच्या मुर्धा गावात कुंग फूचा एक क्लास निघालाय असं त्यांनी ऐकलं होतं. बेव्हर्ली पार्कातलं कोणी मुर्ध्याला जात नाही. तिथे जाऊन सरळ बिगिनर म्हणून नाव घालायचं, आठवड्याभरात ताओलू उचलायचा आणि हेमालीला द्यायचा. ‘मी नवीन आहे, मला काही येत नाही’ हे वाक्य त्यांनी रिक्षात पुटपुटून बसवलं. चांगलं जमलं होतं. निदान रिक्षात तरी.

क्लास एका नव्या बंगल्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये होता. पोरं रांगेत उभी होती. शिकवणारा वळला, तो जितेश. गावातलाच, मिठागरवाल्या घरातला. कधीकाळी दोन महिने गच्चीवर बसून पळालेला. सरांनी तोंड उघडायच्या आत तो येऊन पाया पडला.

“सर, तुमी! हितं! बसा बसा. ए, खुर्ची आन रं.”

“जितेश, मी जरा...”

“काय बोलू नका. तुमच्यामुलंच हाय मी हितं. तुमी बसवलंत म्हनून आज उभा हाय.”

खुर्ची आली. नारळ आला, शाल शेजारच्या काकूंकडून आली. रिक्षात बसवलेलं वाक्य सरांच्या गळ्यापर्यंत येऊन शालीखाली गेलं. निदान डोळ्यांनी तरी ताओलू टिपू, म्हणून ते खुर्चीच्या कडेवर सरकले. पण जितेशने टाळी वाजवली आणि पोरांना सांगितलं, मोठे सर आलेत, आज ताओलू न्हाय. आज सरांसाठी फक्त मा बू.

पोरं बसली. मांड्या थरथरायला लागल्यावर ती शालवाल्या म्हाताऱ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती नजर सरांच्या ओळखीची होती. शेवटी दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. सर पायावर बोलले. चांगलं बोलले.

हेमालीचा शेवटचा रविवार आला. बाकी पोरं गेल्यावर ती गच्चीवर थांबली आणि न सांगता मा बूत बसली. मांडीवर चहाचा कप ठेवला असता तर थेंब सांडला नसता.

“सर, पहिलाच फक्त. अर्धा दिलात तरी चालेल. बाकीचा मी सुट्टीत येऊन घेईन.”

आता सांगायचं, असं ठरवून सर तिच्याभोवती फिरले. एक फेरी झाली, दुसरी झाली. दावा नाकारायला कुठेतरी काहीतरी सापडतंच, हा नोकरीतला अनुभव. इथे काही सापडत नव्हतं.

“डावा गुडघा आत येतोय,” सर म्हणाले.

तो येत नव्हता. हेमालीने खाली बघितलं, गुडघा बाहेर ढकलला, आणि चार वर्षांत पहिल्यांदा तिचा मा बू बिघडला.

“सॉरी सर,” ती म्हणाली. “मला वाटलं, मी रेडी झाले.”

“पुण्याहून आलीस की करू.”

बोलून झाल्यावर हे वाक्य आपण कुठे ऐकलंय ते सरांना आठवलं. तोवर ती जिना उतरून गेली होती. सरांनी मुगाची पिशवी उचलली. हाक मारली असती तर तिसऱ्या मजल्यापर्यंत सहज ऐकू गेली असती.

दिवाळीत ती पेढे घेऊन घरी आली. अपराध्यासारखी दारातच उभी राहिली. पुण्यात हॉस्टेलजवळ एक क्लास आहे, तिथे जातेय, तुम्हाला न विचारता गेले, रागावू नका, असं एका दमात म्हणाली. तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, सगळं बरोबर आहे, मग डावा गुडघा एवढा बाहेर का. तिने सांगितलं, माझीच जुनी खोड आहे.

“पहिला ताओलू झाला,” ती म्हणाली. “बघाल का, सर? चुकत असेल तर सांगा.”

ममताताईंनी टीपॉय सरकवून दिला. सर सोफ्यावर ताठ बसले, परीक्षक बसतात तसे, आणि हेमालीने हॉलमध्येच करून दाखवला. त्यात कोलांट्या नव्हत्या. तेच पाच पवित्रे होते, एकामागून एक, अधेमधे ठोसे आणि एक लाथ. एकूण चाळीस सेकंद लागतात.