त्या सालाची बेसूर घंटा

मी घंटा बोलतेय, मॉस्कोतल्या यौझा नदीकाठच्या लहानशा चर्चची. माझा आवाज घोगरा आहे. तुम्ही नाक मुरडायच्या आधी मीच सांगून टाकते.

पूर्वी तो असा नव्हता. अठराशे बारा सालच्या सप्टेंबरात फ्रेंच शिपाई मनोऱ्यात चढले. जिंकल्याच्या आनंदात त्यांना मला वाजवायचं होतं. त्यांच्या मुलखात अख्खी घंटा झुलवतात. आमच्याकडे घंटा जागची हलत नाही, आतली जीभ तेवढी दोरीने ओढतात. त्यांनी मलाच झुलवायला जोर लावला. तुळई मोडली, मी खाली आदळले, ओठाला तडा गेला. पण त्यांच्यासाठी वाजले नाही. शहर जळून शांत झाल्यावर आमच्या लोकांनी तडा कानशीने घासला आणि मला पुन्हा वर टांगलं.

सत्तर वर्षांनी त्या युद्धाच्या स्मरणार्थ मोठ्या वाद्यवृंदासाठी एक रचना झाली. तिच्या शेवटी तोफा आणि घंटा वाजायच्या. पलीकडच्या कुरणात कार्यक्रम ठरला आणि घंटा निवडायला एक वादक आला. त्याने माझ्यावर टिचकी मारली, कान लावला.

"ही सुरात नाही."

"कशी असेल? त्या साली ती इथेच होती," येरोफेय म्हणाला. हा म्हातारा मला तीस वर्षं वाजवतोय.

"मग भट्टीत घाला. नवी ओतून घेऊ," चर्चचे कारभारी साव्वा लूकिच म्हणाले.

कार्यक्रमाच्या दिवशी तोफा गडगडल्या, निवडलेल्या घंटा गोड किणकिणल्या. तेवढ्यात येरोफेयने माझी दोरी ओढली. मी घसा फोडून ओरडले. कुरणातली माणसं वळली, छातीवर क्रूसाची खूण करू लागली.

कारभारी धापा टाकत वर आले. "थांब! तुला कोणी बोलावलं?"

"मला नाही, मालक. हिला बोलावलं, त्या तोफांनी."

नवी घंटा ओतायची म्हटलं की आमच्याकडे आधी शहरात एक थाप सोडतात. थाप जितकी लांब जाईल, तितका घंटेचा आवाज लांब जातो म्हणे. कारभाऱ्यांनी सोडली: नदीतला मासा पाद्रीबाबांशी बोलला. कोणी हसलंसुद्धा नाही.

येरोफेय चहाच्या दुकानात एवढंच म्हणाला, "त्या दिवशी मी इथे चहा पीत होतो. ती आपणहून वाजली."

दुसऱ्या दिवशी मनोऱ्याखाली ही गर्दी! कारभारी ओरडले, "साफ खोटं! यानेच वाजवली. मी डोळ्यांनी पाहिलं!"

मासेवाली अकुलीना खो खो हसली. "भट्टी पेटायची म्हणून थापा मारताय, साव्वा लूकिच! मासा बरा होता की हो!"

आपणहून वाजलेल्या घंटेला हात कोण लावणार? भट्टी पेटलीच नाही.

आज कबूल करते, वाजवलं येरोफेयनेच. पण वाजायचं माझ्याच मनात होतं. मला सुरात आणायला कोणी येऊ नका. दर रविवारी मी अशीच घोगरी वाजेन. कान दुखले तर खुशाल झाका, पण आधी डोक्यावरची टोपी काढा.